पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा

दुपारी तीनच्या उन्हात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी वॅगनआर उभी आहे. चारही दारं सताड उघडी, भोवती अख्खं घर गोळा. नवरा स्टिअरिंगला चिकटलाय, मेहुण्याने बॉनेटमध्ये डोकं घातलंय, गाणी सुरू. मागच्या सीटवर कुणीच नाही. ज्या बाळासाठी गाडी घ्यायची, ते बाहेर आजीच्या कडेवर.

मारुती ८०० च्या काळात मागच्या सीटचा विचार करत नसत, ती भरत असत. धाकटं पुढे आईच्या मांडीवर. मागे आत्या, आजी नि तीन पोरं. चौथं दोन सीटांच्या मधे उभं. पायाशी पुरीभाजीचा डबा. पावागढला जाताना खिडकीच्या पाळ्या लागत, जरोदपर्यंत एकाची, हालोलपर्यंत दुसऱ्याची, आणि हालोल आलं की रडारड. पट्टा नावाची वस्तू कुणाच्या गावीही नव्हती. आता चौदाच्या आतल्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे.

म्हणून गाडी बघायला जाताना चाइल्ड सीट आणि आजी, दोघांना सोबत न्यावं. आजीला वॅगनआरमध्ये खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. स्विफ्टमध्ये आधी खाली उतरावं लागतं, आणि निघताना कुणाचा तरी हात लागतो. मग पुढची सीट चालवणाऱ्याच्या उंचीला लावून ठेवा आणि तिच्यामागे बाळाची सीट बसवा. तान्ह्याची सीट मागे तोंड करून बसते, तिला लांबी जास्त लागते. पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात ते तिथेच कळतं. पाठ आणि गादीच्या फटीत बोटं घालून चाइल्ड सीट अडकवायच्या, आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या शोधा. नसतील तर सीट पट्ट्याने बांधायची. पट्टा तेवढा लांब पुरतो का तेही बघा. अशा दोन सीटा लागल्या की मधे मोठं माणूस मावत नाही. आत्यांना आधीच सांगून ठेवावं.

डिकीचे आकडेही वरवरचे. २०१९ नंतरच्या वॅगनआरची ३४१ लिटर, स्विफ्टची २६८. पण बडोद्यात गाडी सीएनजी हवीच, आणि टाकी आडवी पडली की बाबागाडी घरी राहते. टाटांनी २०२३ पासून टियागो नि अल्ट्रोझमध्ये दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या, तिथे जागा बरीच वाचते. किट बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीत नोंद बघा, आणि टाकीवरच्या पट्टीवर चाचणीची तारीख. ती दर तीन वर्षांनी करायची असते.

पण बडोद्याचा खरा घोळ पाण्याचा. २०१९ चा जुलै संपताना आणि २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी मगरींसकट गावात शिरली. मगरी परत नदीत गेल्या, गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. ‘डॉक्टरनी गाडी छे, साहेब,’ असं म्हणतील. असेलही. तुम्ही मागचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, रिळाचं टोक येईपर्यंत. गाडी धुणारा वरचा हातभर पट्टा धुतो. आतल्या भागावर गाळाची तपकिरी रेघ तशीच राहते. पट्टा अगदी कोरा असेल तर त्याच्या लेबलावरची तारीख वाचा. गाडी २०२० ची आणि पट्टा २०२४ चा असेल, तर तो का बदलला ते विचारा. मग सीटखालचे रूळ आणि बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, गालिच्याखालचा फोम. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर चावी परत द्या. अशी गाडी आज चालते. सहा महिन्यांनी कधी काच अडते, कधी एअरबॅगचा दिवा लागून राहतो, आणि इलेक्ट्रिशियनला दोष सापडत नाही.

कागदही बोलतात. विम्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, २० टक्क्यांपासून ५० पर्यंत चढतो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. एकाच मालकाच्या सात वर्षांच्या गाडीला २०२६ मध्ये २० टक्केच दिसत असतील, तर मधे काय झालं ते विमा कंपनीकडून काढा. दाराला खरवडलं होतं, एवढंही असू शकतं.

इंजिनाचं फार मनावर घेऊ नका, ते मेकॅनिक बघेल. फक्त आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका असं सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावा. सावलीत उभी असूनही गरम लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं. एसी भर दुपारीच तपासावा, मागे बसून. पुढे गारेगार आणि मागे पोर घामाघूम, ही बिनव्हेंटच्या हॅचबॅकची जुनी रीत.

आणि जुलै २०१९ नंतर बनलेलीच घ्या. त्या महिन्यापासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस त्याआधी एप्रिलपासून. पुढच्या दुसऱ्या सीटलाही एअरबॅग असेल तर मागे तोंड केलेली बाळाची सीट तिथे कधीही लावायची नाही. फुगताना ती सरळ बाळाच्या डोक्यामागे आदळते. बाळ पुढे आजीच्या मांडीवरही नको. यावरून घरात भांडण होईल. होऊ द्या.