हाँगकाँगला लेन्स घ्यायला गेले त्याची गोष्ट

परवा एका मैत्रिणीने विचारलं, हाँगकाँगला कॅमेऱ्याचं सामान स्वस्त मिळतं ना गं, आणि माझ्या डोळ्यासमोर तिथले उंच टॉवर, बंदर, लाइट्स असलं काही आलं नाही, एका सेल्समनचा अंगठा आला.

२०१८ चा नोव्हेंबर. मी आणि बाबा, पाच दिवस. व्हिक्टोरिया पीकची टेकडी झाली, ट्राम झाली, लांताऊ बेटावरचा मोठा बुद्ध झाला, तिथल्या २६८ पायऱ्या बाबा हट्टाने चढले आणि मग उरलेली ट्रिप गुडघा धरून होते. त्या सगळ्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला फुजीची ३५ एमएम एफ२ लेन्स घ्यायची होती, माझा सगळा जीव त्यात.

आणि मी अभ्यास करून गेले होते बरं का. हाँगकाँगमध्ये सेल्स टॅक्स नाही, म्हणजे लेबलवर जो आकडा तेवढेच द्यायचे, एअरपोर्टवर रिफंडची रांग वगैरे भानगड नाही. तिथे एकाच वस्तूचे दोन भाव असतात हेही माहीत होतं. ‘हाँग फो’ म्हणजे अधिकृत वितरकाकडून आलेला माल, आणि ‘सुई फो’, शब्दशः पाण्याचा माल, म्हणजे दुसऱ्या देशातून परस्पर आणलेला. खोटा नसतो, स्वस्त असतो, पण वॉरंटी कंपनीची नाही, दुकानदार देईल तेवढीच. प्राइस डॉट कॉम डॉट एचके या साइटवर कुठल्या दुकानात कुठल्या मालाचा काय भाव ते दिसतं. मी या दोन्ही नावांची चिनी अक्षरं वहीत चित्रासारखी काढून नेली होती. लेन्सचा भाव साधारण २,७०० ते ३,००० हाँगकाँग डॉलर, हे पाठ. दुकानाच्या दारावर टुरिझम बोर्डाचं सोनेरी ‘क्यू’ चिन्ह, म्हणजे बोर्डाने पारखलेलं दुकान, ते बघायचं, हेही पाठ.

तरी गेलेच.

त्सिम शा त्सुईला नेथन रोडवर चालता चालता बाबांचा गुडघा बोलायला लागला, आणि समोरच्या दुकानात काउंटरपुढे दोन स्टुलं दिसली. दारात उभा असलेला माणूस ‘कम कम, नो नीड बाय’ म्हणत होता. काचेत चाळीस-पन्नास कॅमेरे आणि एकालाही किमतीचं लेबल नाही. तिथेच कळायला हवं होतं, पण बाबा बसलेसुद्धा.

भाव विचारला तर म्हणाला २,२००. मी मनात उडीच मारली. खरंतर बाजारभावापेक्षा ५०० डॉलर कमी म्हटल्यावर उठून जायला हवं, पण स्वस्त आकडा ऐकला की डोकं जरा बाजूलाच बसतं. स्टॉक गोडाउनमधून मागवतो, तोवर कार्ड द्या, फक्त नाव लिहून घेतो. दिलं मी. त्याने ते मशीनमध्ये घातलं नाही, दोन बोटांत धरून ठेवलं आणि गप्पा मारत बसला, कुठून आलात, बाबांना पाणी देऊ का, पंधरावीस मिनिटं तशीच गेली.

मग खोका आला. त्याने एका कॅमेऱ्याला लेन्स लावली, माझा फोटो काढला, स्क्रीन झूम केला आणि चेहरा असा केला की जणू माझा रिपोर्ट आलाय. ‘सी? नॉट शार्प. ओल्ड टेक्नॉलॉजी.’ फोटो खरंच भुरकट होता, दाणे दाणे. मग काउंटरखालून दुसरी लेन्स काढली, कधी नाव न ऐकलेल्या ब्रँडची, पुन्हा फोटो, आणि तो एकदम स्वच्छ. ही ५,८००, पण तुम्हाला ४,९००. दोन्ही फोटो मागेपुढे करून दाखवत होता, अंगठा स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यावर. एकदा बाबांना दाखवायला कॅमेरा वळवला तेव्हा अंगठा सरकला. भुरकट फोटोखाली आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची सेटिंग, ६४००, स्वच्छ फोटोखाली २००. हा आकडा एवढा चढवला की दाणे येणारच. लेन्स बिचारी काय करणार!

आता खरी कबुली. हे दिसल्यावरही मी काही बोलले नाही. मी म्हणाले, ‘ओके, आय विल थिंक.’ हसून. इतका वेळ बसलोय, पाणी प्यायलोय, आता उठायचं कसं, हीच लाज. तो म्हणाला, पहिली लेन्स हवी तर तीच घ्या, पण मग तिची पुढची काच वेगळी, फिल्टर वेगळा, सगळं वेगळं घ्यावं लागेल. मी फिल्टरची किंमत विचारली. हो, विचारली!

बाबांना इंग्रजी बेताचंच. त्यांनी काउंटरवरून हात लांब केला, त्याच्या दोन बोटांतून माझं कार्ड काढून घेतलं, खिशात घातलं आणि मराठीत म्हणाले, ‘चल गं, हा लबाड आहे.’ मला त्या क्षणी त्या माणसाची नाही, बाबांचीच लाज वाटली. तो मागून ओरडत होता, गोडाउनचा खर्च कोण देणार म्हणून. बाहेर येऊन दारावर बघितलं, क्यू नव्हताच.

‘बाबा, असं कार्ड हिसकावतात का?’
‘त्याने धरून ठेवलेलं चालतं, मी घेतलेलं नाही?’

रात्री हॉटेलवर वाचलं तेव्हा कळलं की स्वस्त वस्तू दाखवून गिऱ्हाइकाला भलत्याच वस्तूकडे वळवणं हा तिथे १९ जुलै २०१३ पासून चक्क गुन्हा आहे, कस्टम्स खात्याकडे तक्रार करता येते. मी केली नाही. पैसे गेले नव्हते, आणि फिल्टरची किंमत विचारल्याचं लिहावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोंग कोकला साई युंग चोई स्ट्रीट. एक चिंचोळं दुकान, प्रत्येक वस्तूवर लेबल, काउंटरवरच्या बाईंनी मान वर करूनही बघितलं नाही, मला इतकं बरं वाटलं! हाँग फो २,९५०, सुई फो २,६८०. तिने स्वतःहून सांगितलं की हाँग फोची वॉरंटीही हाँगकाँगपुरतीच. म्हणजे हिशोबाने सुई फोच घ्यायला हवी होती. मी घाबरून २,९५० वाली घेतली. खोक्यावरचा आणि लेन्सवरचा सिरीयल नंबर जुळवून बघितला, तो तिने पावतीवर हाताने लिहिला, कार्डाच्या मशीनने विचारलं पैसे कुठल्या चलनात घेऊ, तेव्हा हाँगकाँग डॉलर दाबलं, नाहीतर मशीन आपल्या मर्जीचा रेट लावतं. पाच मिनिटांत काम संपलं. पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी.

बाबा मात्र नाराज. तुला दोनशेसत्तर जास्त कशाला द्यायचे होते, थोडी घासाघीस केली असती तर. संध्याकाळी बंदर ओलांडणाऱ्या स्टार फेरी बोटीत लेन्स लावून पहिला फोटो काढला, बाबा लाकडी बाकावर, तोंड खिडकीकडे. हललाय. आयएसओ बघितला, बरोबर होता.