वर फ्रीजर गार, खाली फ्रिज कोमट: कॉइलवरचा बर्फ बघा, मग गॅसचं बोला

फ्रीजरमध्ये बर्फ दगडासारखा घट्ट, पण खालच्या कप्प्यात दूध नासतंय. अशी तक्रार निघाली की लगेच कोणीतरी म्हणतं, ‘गॅस गेला असेल, भरून घ्या.’ फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजच्या बाबतीत हे निदान बरेचदा चुकतं, आणि सीलबंद यंत्रणा विनाकारण कापली जाते.

साध्या दोन दारी फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये गारवा एकाच जागी तयार होतो: फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असलेल्या कॉइलवर, म्हणजे गॅसच्या नळीच्या वेटोळ्यांवर. एक छोटा पंखा तिथली गार हवा फ्रीजरमध्ये सोडतो आणि त्यातलीच थोडी हवा डक्टमधून खाली जाते. गॅस कमी पडला तर फ्रीजरही उणे १८ अंशांवर टिकत नाही. वर सगळं ठीक आणि खाली कोमट असेल, तर गारवा तयार होतोय, पण खाली पोचत नाहीये. (काही मोठ्या फ्रिजमध्ये खालच्या भागाला वेगळी कॉइल असते. त्यांना हे गणित लागू पडत नाही.)

आधी तापमान मोजा. मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर रात्रभर बुडवून ठेवायचा. नुसत्या हवेचं तापमान दार उघडताच चढतं, पाण्याचं इतक्या पटकन बदलत नाही. खाली ३ ते ५ अंश सेल्सिअस हवं. फ्रीजरमध्ये थर्मामीटर दोन गोठलेल्या पाकिटांच्या मधे ठेवायचा, तिथे उणे १८ च्या आसपास हवं.

मग फुकटातल्या गोष्टी. हवा येण्या-जाण्याच्या जाळ्यांपुढे पिशव्या कोंबल्यात का? दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. कुठे अलगद सुटून आली तर तिथून दमट हवा आत शिरतेय. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं की बऱ्याचदा पुन्हा चिकटतं. दार उघडल्यावर पंखा बंद होतो, म्हणून दाराचा स्विच बोटाने दाबून धरा आणि कान द्या. काही मॉडेलमध्ये पंखा काही मिनिटांनी सुरू होतो, तेवढं थांबा. घरघर किंवा खरखर ऐकू आली तर पातं बर्फाला घासतंय.

एवढं करून भागलं नाही तर पॅनेल उघडायचं. कॉम्प्रेसर तासभर सलग चालू द्या, मग प्लग काढा. स्क्रू बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या छोट्या झाकणांखाली असतात. पॅनेल बर्फाने धरून ठेवलं असेल तर उचकटू नका, तुटतं. तारांचे जोड सोडवण्यापूर्वी फोटो काढा आणि हातमोजे घाला, कारण कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

आता कॉइल नीट बघा. सगळीकडे पातळ, एकसारखी पांढरी भुरी असेल तर गॅस बरोबर आहे. पाती दिसेनाशी होतील इतका जाड पांढरा थर सगळ्या कॉइलवर असेल तर डीफ्रॉस्ट, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारी सोय, बंद पडलंय. पहिल्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ आणि पुढची नळी कोरडी, तर गॅस कमी आहे किंवा नळी अर्धवट चोक झालीय. कॉम्प्रेसर चालूनही कुठेच बर्फ नाही, तर गॅस पूर्ण गेलाय, नळी पूर्ण चोक आहे किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाहीये. आणि फक्त तळाशी काचेसारखा पारदर्शक बर्फ असेल तर पाणी जायची नळी तुंबलीय.

वर गार, खाली कोमट या तक्रारीत जाड पांढरा थर बऱ्याचदा सापडतो. कॉइल बर्फात गाडली की हवेला वाट राहत नाही. कॉइलला लागूनच असल्यामुळे फ्रीजर काही दिवस तग धरतो, खालचा कप्पा मात्र आधी हार मानतो.

हा बर्फ रोज वितळायला हवा असतो. कॉम्प्रेसर साधारण ६ ते १२ तास चालला की टायमर किंवा कंट्रोल बोर्ड त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर २०-३० मिनिटं चालवतो. वीज हीटरपर्यंत थर्मल फ्यूज (फार तापलं की कायमचा तुटणारा) आणि बायमेटल (गारठ्यात जोडणारा, उबेत उघडणारा स्विच) यांच्यातून जाते. यातलं एक जरी तुटलं तरी हीटर गार राहतो. म्हणून मल्टिमीटरने एकेक भाग सुटा करून तपासायचा.

हीटरवरचा वॅटचा आकडा वाचा. २३० व्होल्ट, १५० वॅट असेल तर २३० गुणिले २३० भागिले १५०, म्हणजे सुमारे ३५३ ओहम यायला हवेत; २०० वॅटला सुमारे २६५. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. काचेच्या नळीचा हीटर असेल तर काळवंडलेली जागा अनेकदा डोळ्यांनाही दिसते.

थर्मल फ्यूज मीटरवर नेहमी जोडलेलाच, म्हणजे वीज जाऊ देणारा, दिसला पाहिजे. तो उडाला असेल तर तिथे तार टाकून काम भागवू नका. बायमेटल चिकटून राहिला तर हीटरला थांबवणारं तेवढंच एक असतं. ते काढून टाकलं की प्लॅस्टिक वितळतं, आग लागू शकते. त्याच तापमानाचा नवा फ्यूज बसवा आणि जुना का उडाला तेही शोधा.

बायमेटलपाशी भलेभले फसतात. तो खोलीच्या तापमानाला उघडाच असतो, म्हणजे वीज जाऊ देत नाही. टेबलावर मोजून ‘खराब आहे’ म्हणत चांगला भाग फेकला जातो. तीन भाग बर्फाचा चुरा आणि एक भाग मीठ वाटीत कालवा, बायमेटल पातळ प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून त्यात पुरा, १५ मिनिटांनी मोजा. जोडलेला दिसला पाहिजे. बाहेर काढून हातात धरला की उबेने थोड्या वेळात टक् होऊन उघडतो. त्याची टोपी फुगलेली किंवा तडकलेली असेल तर आत पाणी शिरलंय. मोजायच्या भानगडीत न पडता बदला.

टायमर असलेल्या फ्रिजमध्ये त्याची खाच स्क्रूड्रायव्हरने एकाच दिशेला, हळूहळू फिरवा. ‘कट’ आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबला की डीफ्रॉस्ट सुरू. तो अर्ध्या तासात आपणहून पुढे सरकला नाही तर टायमरच अडकलाय. बोर्ड असलेल्या फ्रिजमध्ये टायमरऐवजी सेन्सर तपासायचा: त्याचा रोध गारठ्यात वाढायला आणि उबेत कमी व्हायला हवा. आकडा जागच्या जागी राहिला तर सेन्सर गेला.

साचलेला बर्फ काढायला सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर कधीच वापरू नका. नळी टोचली की फ्रिज जवळपास संपला, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील गॅस असतो. प्लग काढून दोन्ही दारं २४ तास उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा. घाई असेल तर फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं भांडं ठेवा. यातून निदानही पक्कं होतं: फ्रिज सुरू केल्यावर एक-दोन आठवडे झकास चालला आणि पुन्हा खाली कोमट झाला, तर दोष डीफ्रॉस्टमध्येच आहे.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर ड्रेनची नळी तुंबलीय. बर्फ वितळवल्यावर मोठ्या सिरिंजने भोकात कोमट पाणी सोडत राहा, मागे कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत ते पडू लागलं की नळी मोकळी झाली.

कॉम्प्रेसर गुंगुं करून काही सेकंदांत टक् होऊन बंद पडत असेल तर आधी प्लग काढून त्याच्या बाजूचा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) उपसून कानाशी हलवा. आत खुळखुळ वाजलं तर तो फुटलाय, आणि तो स्वस्त भाग आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला हा रिले नसतो, तिथला बोर्ड मेकॅनिककडेच सोपवा.

खरंच गॅसचं काम निघालं तर ते घरी करायचं नाही, पण करून घेताना चार गोष्टी मागून घ्या: गळती कुठे आहे ते दाखवणं, ड्रायर फिल्टर (गॅसमधला ओलावा शोषणारा) बदलणं, व्हॅक्यूम पंप लावणं, आणि वजनकाट्यावर गॅस भरणं. किती ग्रॅम ते मागच्या पट्टीवर छापलेलं असतं. आर ६००ए मुळातच कमी लागतो, तिथे अंदाजाने भरलेले पाच-दहा ग्रॅम जास्तही भोवतात.

दुरुस्तीनंतर पाण्याचा ग्लास पुन्हा मधल्या कप्प्यात ठेवा. २४ तासांनी आकडा बघा, आणि १५ दिवसांनी पुन्हा एकदा बघा.