८४ ने वाढले की ८४ वर गेले?

धरमपेठेतील आमच्या इंग्रजीच्या वर्गात उन्हाळ्यात परदेशी प्रवेशाची कागदपत्रे तपासून घेणाऱ्यांची वर्दळ असते. गेल्या मे महिन्यात एक विद्यार्थिनी ब्रिटनमधील विद्यापीठासाठीचे शिफारसपत्र घेऊन आली. त्यावर प्राध्यापकांची सही झालेली होती. मजकूर मात्र, आपल्याकडे बहुधा होते तसा, तिनेच टाइप केलेला होता.

तिची शंका एवढीच होती, की 'इन द टेस्ट' लिहावे की 'ऑन द टेस्ट', कारण अमेरिकेतील मावसभावाने 'इन' खोडायला सांगितले होते. अमेरिकेत 'ऑन' रूढ आहे, ब्रिटनमध्ये आणि आपल्या शाळा-महाविद्यालयांत 'इन'. दोन्ही शुद्धच, तेव्हा ब्रिटनला जाणाऱ्या पत्रात 'इन' राहू द्यावे, असे मी सांगितले. विषयाच्या नावाआधी तर दोन्ही देशांत 'इन'च येते.

खरी अडचण त्याच्या खालच्या ओळीत होती आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते: 'हर मार्क्स इन स्टॅटिस्टिक्स इन्क्रीज्ड बाय ८४.' मी गुणपत्रिका मागितली. आधीच्या सत्रात शंभरपैकी ६१, नंतरच्या सत्रात ८४. म्हणजे वाढ २३ गुणांची. 'बाय' फरक सांगतो, 'टू' गुण कुठवर पोहोचले ते सांगतो. पत्रातले वाक्य खरे मानले, तर आधीचे गुण १६ च्या वर असूच शकत नव्हते, आणि त्याच अर्जाला जोडलेली गुणपत्रिका ६१ दाखवत होती. 'इन'-'ऑन'च्या घोळाने कोणाचे काही बिघडत नाही. इथे मात्र पत्र खोटे ठरत होते.

"पण सर, आपण ८४ टक्क्यांनी पास झाली असंच म्हणतो ना?" तिने विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. '२३ गुणांनी वाढ' आणि '८४ टक्क्यांनी पास' या दोन्हींत मराठीला एकच 'नी' पुरतो, इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी 'बाय' आणि दुसऱ्या ठिकाणी 'विथ' लागतो. आणि व्याकरणाच्या गाइडांत 'नी' म्हणजे 'बाय' एवढेच पाठ करून घेतलेले असते.

आम्ही ते वाक्य 'रोज फ्रॉम ६१ टू ८४ आउट ऑफ १००' असे केले. नवी प्रत घेऊन ती तडक महाविद्यालयात गेली. प्राध्यापकांनी याही वेळी न वाचताच सही केली, असे तिने संध्याकाळी फोनवर सांगितले.