खडी उखडणारे आणि डांबर टाकणारे

वाफेच्या ट्रकसमोर उभे राहिलेले बहुतेक लोक बॉयलर बघतात. मी रस्त्याच्या कामावरचा माणूस, माझी नजर आधी चाकांवर जाते.

१८९६ मध्ये ब्रिटनमध्ये रिकाम्या वजनाने ३ टनांच्या आतल्या गाड्यांपुढे माणूस चालवायची सक्ती गेली, आणि थॉर्निक्रॉफ्ट, फोडेन वगैरे कंपन्यांचे वाफेचे ट्रक रस्त्यावर आले. रस्ते मात्र मॅकॅडम या स्कॉटिश इंजिनिअरच्या पद्धतीचे: बारीक फोडलेली खडी, सांध्यांत भुकटी, वर पाणी. आपल्याकडे आजही ज्याला डब्ल्यूबीएम (वॉटर बाउंड मॅकॅडम) म्हणतात, तेच. बैलगाडीचं किंवा घोडागाडीचं चाक खडीवरून नुसतं फिरतं, त्यामुळे ती दबते. ट्रकचं मागचं चाक स्वतः जोर लावून रस्ता मागे रेटतं. त्यात लोखंडी धाव आणि वर ५ टन माल! खडी सुटणारच. पुढे रबरी टायर आले, तर ते सांध्यातली भुकटीच उडवायला लागले. गावंच्या गावं धुळीने हैराण झाली.

१९०१ मध्ये डर्बीशायरमधल्या डेन्बी इथे एडगर हूली या सर्व्हेयरला सांडलेल्या डांबरावर लोखंडाच्या भट्टीची मळी टाकलेला रस्त्याचा एक तुकडा दिसला. तिथे ना धूळ होती, ना चाकोऱ्या. पुढच्याच वर्षी त्याने टारमॅकचं, म्हणजे डांबर आणि मळीच्या मिश्रणाचं, पेटंट घेतलं. मला या माणसाच्या नजरेचं फार कौतुक वाटतं. साइटवर असं सांडलेलं आम्ही रोज बघतो आणि पुढे जातो.

श्रॉपशायरमधल्या एका मेळ्यात मी सेंटिनेल कंपनीचा वाफेचा ट्रक जवळून पाहिला. केबिनमध्येच उभा बॉयलर, कोळसा वरून टाकायचा, दाब चौरस इंचाला २३० पौंड. गाडी हलली तेव्हा गिअरची खरखर नाही, हिसका नाही. फक्त गरम तेलाचा वास.

१९३४ पासून गाडीच्या स्वतःच्या वजनावर कर बसला आणि एवढा बॉयलर वागवणाऱ्या या गाड्या मालवाहतुकीतून बाहेर पडल्या. पण काही सेंटिनेलवर डांबर फवारायच्या टाक्या बसवलेल्या होत्या. बॉयलरची वाफ टाकीतल्या नळ्यांतून फिरवली की डांबर पातळच राहायचं, वेगळी भट्टी नको. पिपाखाली लाकडं पेटवून डोळे चोळत डांबर वितळवणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून ही सोय मला बॉयलरपेक्षाही मोठी वाटते. अशा गाड्या तिकडे १९६० च्या दशकातही रस्त्यांवर डांबर टाकत होत्या.