पहिल्या प्लांटेड टँकसाठी मी सबस्ट्रेट कसा निवडला

प्लांटेड टँक म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी. तिच्यात क्रिप्ट या पाणवनस्पतीचं रोप चिमट्याने तळाच्या गोट्यांमध्ये रोवायचं आणि सकाळी उठून बघावं तर ते पाण्यावर तरंगतंय. सलग तीन दिवस हेच झालं. गोटे दिसायला सुरेख होते, पण इतके मोठे की मुळांना धरायला काही मिळेना. उरलेलं खाद्य मात्र त्यांच्या फटींत अडकून कुजत होतं. चौथ्या दिवशी सगळं उपसलं.

मग सबस्ट्रेटचा, म्हणजे टाकीच्या तळाशी पसरायच्या थराचा, नीट विचार सुरू केला. सगळीकडे अ‍ॅक्वासॉइलची, म्हणजे अशा टाकीसाठी तयार मिळणाऱ्या दाणेदार मातीची, तारीफ होती, आणि ती खरीच आहे. त्यात खत असतं, पाणी किंचित आम्लधर्मी राहतं, मुळं झपाट्याने पसरतात. पण नवीन अ‍ॅक्वासॉइल सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडतं, त्यामुळे वारंवार पाणी बदलावं लागतं आणि मासे लगेच सोडता येत नाहीत. त्याचे दाणेही मऊ असतात. रोपं सतत उपटून हलवली की त्यांचा चिखल होतो. मला तर जागा बदलून बघायच्याच होत्या. बागेतली माती खाली आणि वर रेती, हाही पर्याय होता. तिथेही अडचण तीच: रोप उपटलं की माती वर येणार.

शेवटी झाडांची यादी समोर ठेवली, तेव्हा गुंता सुटला. अनुबियास आणि जावा फर्न लाकडावर बांधायचे. त्यांचं आडवं खोड पुरलं तर ते कुजतं, म्हणजे त्यांना तळाशी काही लागतच नाही. वॅलिस्नेरिया आणि क्रिप्ट मुळांवाटे भरपूर खातात, पण त्यांच्यापुरतं खत रूट टॅबने, म्हणजे मुळांजवळ पुरायच्या खताच्या गोळ्यांनी, देता येतं. त्यामुळे 2 ते 3 मिलिमीटर दाण्याची साधी, गडद खडी घ्यायचं ठरलं.

घेण्याआधी नमुन्यांवर व्हिनेगर टाकून पाहिलं, हे फार बरं केलं. पांढऱ्या खडीवर लगेच बारीक बुडबुडे फसफसू लागले. म्हणजे तिच्यात चुना, आणि तो विरघळत राहिला की पाणी जड होत जातं. गडद खडीवर काहीच झालं नाही, म्हणून तीच घेतली.

किती घ्यायची, याचा हिशोब सोपा निघाला. टँकचा तळ 60 बाय 30 सेंटिमीटर, थर सरासरी 5 सेंटिमीटर, म्हणजे 9 लिटर. वजनात साधारण 14 किलो. पुढे 4 आणि मागे 6 असा उतार दिला. खडी धुवायला अख्खी दुपार गेली. बादलीतलं पाणी आधी ताकासारखं, मग हळूहळू निवळत गेलं. भरताना तळाशी बशी ठेवून तिच्यावर धार सोडली, त्यामुळे उतार मोडला नाही.

रूट टॅब मुळांजवळ अगदी तळापर्यंत दाबले. दहा दिवसांत क्रिप्टची पानं विरघळायला लागली आणि माझा जीव खालीवर झाला. पण जागा बदलली की क्रिप्ट असं करतंच, म्हणून उपटलं नाही. तीन आठवड्यांनी मधोमध तपकिरी, गुंडाळलेलं कोवळं पान दिसलं.

परवा, तीन महिन्यांनी, तेच क्रिप्ट थोडं मागे सरकवायला गेले. ओढलं तर हलेना. बोटांनी खडी बाजूला केली, तेव्हा पांढऱ्या मुळांचं जाळं वीतभर पसरलेलं आणि त्यात खडीचे दाणे घट्ट धरलेले. तसंच राहू दिलं.