थंडीतली चंबळ: धोलपूरहून खाली नावेने

चंबळ बघायची तर कडाक्याच्या थंडीतच बघावी, हे माझं आता पक्कं मत झालंय. जानेवारीत धोलपूरजवळच्या घाटावरून आम्ही नावेत बसलो तेव्हा समोरचा काठ दिसतच नव्हता. इथे नदी म्हणजेच दोन राज्यांची हद्द. प्रवाहाबरोबर खाली जाताना डावीकडे राजस्थान, उजवीकडे मध्य प्रदेश. त्या सकाळी मात्र दोन्हीकडे नुसतं धुकं, आणि पाण्यापेक्षा हवा गार असल्याने नदीवरून वाफा निघत होत्या.

घाटावर थंडी सोसवत होती. इंजिन सुरू झालं, वारा तोंडावर आला आणि ती हाडांत शिरली. कानटोपी, मफलर, त्यावर लाइफ जॅकेट, तरी दुर्बिणीला बोट लावावंसं वाटेना. सुकाणूवरचे नावाडीदादा निवांत होते. "ऊन पडू द्या, मग बघा," एवढंच म्हणाले.

ऊन पडलं तसं धुकं विरलं आणि पावसाने कोरलेल्या घळींचे उंच, मातकट कडे उघडे झाले. वळणावर वाळूचा लांब पट्टा होता. दादांनी मोटर बंद करून नाव प्रवाहावर सोडली.

पाण्यातून एक सुसर बाहेर येत होती. नर होता. नळीसारख्या लांब जबड्याच्या टोकाला मडक्यासारखा फुगीर गोळा, ज्यावरून तिला घडियाल म्हणतात. पोट वाळूवर घासत तो चार पावलं सरकला, थांबला, पुन्हा सरकला. पूर्ण बाहेर आल्यावर जबडा थोडा उघडून निश्चल पडून राहिला. सुयांसारखे दात एकमेकांत अडकलेले. ओली पाठ काळपट होती. आम्ही बघत असतानाच ती वाळत गेली आणि मळकट हिरवी झाली. या प्राण्याला स्वतःच्या शरीरात ऊब निर्माण करता येत नाही, ती उन्हातूनच घ्यावी लागते. म्हणून गार पाण्यातून निघून तो तासन्‌तास वाळूवर पडतो. उन्हाळ्यात भर दिवसा तो असा दिसायचा नाही.

पक्षीही बरेचसे हिवाळ्याचेच. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, जोडीजोडीने बसलेले चक्रवाक. आणि पाणचिरे! खालची चोच वरच्यापेक्षा लांब, ती पाण्यात बुडवून पृष्ठभाग चिरत जाणारा थवा नावेच्या अगदी जवळून गेला.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. १९७८-७९ मध्ये तीन राज्यांनी मिळून इथे अभयारण्य केलं तेव्हा देशात सुसरी मोजक्याच उरल्या होत्या. मुरैन्याजवळच्या देवरी केंद्रात आजही काठावरची अंडी नेऊन उबवतात आणि पिल्लं साधारण १.२ मीटरची झाली की नदीत सोडतात. तरीही २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळमध्ये १०० हून अधिक सुसरी मेल्या. मेलेल्यांत मूत्रपिंडं निकामी होऊन गाऊट, म्हणजे शरीरात युरिक आम्ल साठण्याचा आजार, झालेला आढळला. त्या घटनेबद्दल वाचलेलं होतं. पण तो नर समोर पाहिल्यावर तो आकडा फार जड वाटला.

त्याहून अस्वस्थ करते ती वाळू. अभयारण्यात उपशाला बंदी असूनही तो पुरता थांबलेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये माद्या याच पट्ट्यांत खड्डे करून अंडी घालतात. पट्टाच उचलला तर नुसतं ऊन खायची जागा जात नाही, पुढची पिढीही जाते. आपण अभयारण्य म्हणतो तेव्हा पाण्याइतकीच ही वाळूही त्यात धरली पाहिजे.

जाणार असाल तर पहिल्या फेरीचा हट्ट नको. पहाटेचं धुकं देखणं असतं, पण सुसरी ऊन चढल्याशिवाय वर येत नाहीत. दहानंतरची नाव धरा. हातमोजे असे घ्या की दुर्बिणीचं चाक फिरवता येईल. आणि वाळूचा पट्टा दिसला की आधी मोटर बंद करायला सांगा, आवाजाने सुसरी पाण्यात शिरतात आणि मिळालेली ऊब वाया जाते.