म आधी, ग नंतर

नाशिक, शुक्रवार संध्याकाळ

बालवर्गात अक्षरं ‘ग, म, भ, न’ या क्रमाने घ्यायची पद्धत जुनी आहे. हाताच्या दृष्टीने ती बरोबरही आहे. चौघांनाही उभी दांडी, वळणं जवळजवळची, एक गिरवलं की दुसरं सहज जमतं. पण तीन-चार वर्षांच्या मुलाचं पहिलं काम गिरवणं नाही, ऐकणं आहे, आणि कानाला सोपा क्रम वेगळा पडतो. म, न, स, र, ल, श हे आवाज लांबवता येतात: म्म्म्मका, स्स्स्ससा. मूल आवाज पकडेपर्यंत आपल्याला तिथे थांबता येतं. क, ट, प, ग फुटले की संपले. ते ताणायला गेलं की ‘क’चा ‘का’ होतो आणि पुढे काना शिकवताना तोच नडतो. ख, घ, थ, भ त्याहून पुढचे. म्हणून पहिल्या झोळीत म आणि स.

झोळी म्हणजे साधी कापडी पिशवी. आत सहा वस्तू, प्रत्येक आवाजाच्या तीन. म: मक्याचं कणीस, मण्यांची माळ, मनुका. स: खेळण्यातला ससा, सफरचंद, बाहुलीचा सदरा. सुटे मणी नकोतच, तोंडात जातात; दोऱ्यात पक्के ओवलेले हवेत. मनुका आपल्याकडे घरोघरी असतात, पण खेळ संपायच्या आत संपतात, म्हणून थोड्या जास्तीच्या ठेवाव्यात. पाच-सहा मुलं गोलात. एकाने न बघता हात घालायचा, वस्तू काढायची, नाव सांगायचं. आपण ते नाव पहिला आवाज लांबवून म्हणायचं, सगळ्यांनी मागून म्हणायचं, आणि वस्तू म च्या किंवा स च्या परडीत टाकायची. दहा मिनिटं पुरे. मुलं जास्त झाली की पाळीची वाट बघण्यातच खेळ मरतो; मग दोन गट करावेत.

या टप्प्यावर अक्षर दाखवायचं नाही. मुलाला कळलं का, हे ओळखायची खूण एकच: झोळीत नसलेली वस्तू विचारायची. ‘मटकी’ कुठल्या परडीत? नीट टाकली तर कान तयार झाला. नाहीतर त्याने सहा वस्तू पाठ केल्यात, एवढंच. ‘म मक्याचा’ घोकून घेतलं की हेच होतं, अक्षर बघून मूल ‘मका’ वाचतं. प्रत्येक आवाजाला तीन-चार वस्तू लागतात त्या यासाठी.

आणखी एक. नुसतं ऐकताना मासा, मीठ चालतात. पण अक्षराची पाटी ठेवली की फक्त पहिल्या अक्षराला काना-वेलांटी नसलेले शब्द: मका, मटकी, मसाला. मासा तिथे ठेवला तर पुढे ‘मा’ आल्यावर मूल गोंधळतं, आणि तो गोंधळ आपणच घातलेला असतो.

टाळ्यांच्या खेळाचं बघा, शब्द म्हणताना प्रत्येक ठोक्याला एक टाळी. ‘गोदावरी’ला चार टाळ्या, अक्षरंही चार. ‘नाशिक’ला मूल दोन वाजवतं: ना-शिक. लिहिताना अक्षरं तीन. ‘कमळ’ही तसंच, क-मळ. मूल बोलण्यातले ठोके मोजतंय आणि ते अगदी बरोबर मोजतंय. तिथे ‘नाही, तीन’ म्हणून दुरुस्त केलं की त्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास जातो. सुरुवातीला टोपी, वही, केळी, मका असेच शब्द घ्यावेत, ठोके आणि अक्षरं जुळणारे.

च ला घाई नको. चकली, चटणी, चवळी यांचा च एक. चहा, चष्मा यांचा दुसरा. पाटी तीच. आधी एका जातीचे शब्द, महिनाभराने दुसऱ्या. ज आणि झ यांचंही तेच.

सगळ्यात जास्त वेळ ळ ला द्यावा लागतो, आणि द्यायलाच हवा. सातपूर-अंबडच्या वस्त्यांत एकाच गटात बागलाण-मालेगावकडून आलेल्या घरांतलं अहिराणी बोलणारं मूल असतं, हिंदी बोलणारं असतं, मराठी बोलणारं असतं. काळी छत्री दाखवली तर एक म्हणतं काळी, एक काली, एक कायी. डोळ्याला अहिराणीत डोयाच म्हणतात. ते मूल चुकत नाहीये, घरची भाषा नीट बोलतंय. त्याच्यावर कुणाला हसू द्यायचं नाही, हे मोठ्यांनी आधी पाळायचं. मग हातात छोटा आरसा. ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे. ळ म्हणताना जीभ मागे वळते, टाळूला लागते आणि पुढे आपटते. आरशात हे स्पष्ट दिसतं, मुलांना ते बघायला फार आवडतं. त्यानंतर उठा-बसा: ल ऐकला की बसायचं, ळ ऐकला की उभं राहायचं. गाल, गाळ, वेल, वेळ. आपलं तोंड ओढणीने किंवा हाताने झाकून म्हणावं, नाहीतर मुलं ऐकण्याऐवजी ओठ-जीभ बघून उठतात. ळ आणि ण शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणून त्यांची झोळी शेवटच्या आवाजाची: फळ, नळ, बाण.

खरखरीत अक्षरं घरीच होतात. पॉलिश पेपर १२० नंबरचा. ८० चा बोटाला बोचतो. चार इंच उंच अक्षर कापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचं. तर्जनी आणि मधलं बोट जोडून फिरवायचं, शिरोरेषा सर्वांत शेवटी, आणि बोट फिरत असतानाच आवाज म्हणायचा. घ आणि ध, भ आणि म एका आठवड्यात कधीच नाहीत. ताटात गिरवायला रवा बरा, भाजून घट्ट डब्यात ठेवलेला. पावसाळ्यात मीठ ओलं होऊन बोटाला चिकटतं. थर इतका पातळ की ताटाचा तळ दिसावा. जाड थरात रेघ लगेच बुजते.

सोमवारची झोळी: न आणि र. नथ, नळाची तोटी, नकाशा. रबर, रवी, रव्याची पुडी. तोटीला मूल ‘तोटी’ म्हणणार, तेव्हा तिच्याऐवजी नरसाळं शोधायला हवं.